युद्धानंतरचं पाणी : हेरातला निघालेल्या एका अभियंत्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. लातूरकडचे एक तरुण कृषी अभियंते एका मदतसंस्थेतर्फे दोन वर्षांसाठी अफगाणिस्तानात, हेरात प्रांतात चालले आहेत. हरीरूद नदीवरून निघणाऱ्या एका जुन्या पाटावरची तीन गावं आणि त्याच शिवारातले दोन कारेझ (भूजल उताराने गावापर्यंत आणणारे जमिनीखालचे बोगदे) त्यांच्याकडे सोपवले आहेत. संस्थेच्या आराखड्यात बारा कूपनलिका, त्यांवर सौर पंप, पाटाचं चार किलोमीटर काँक्रीट अस्तरीकरण आणि फळबागांना ठिबक एवढं धरलेलं आहे. ते विचारतात : हा आराखडा बरोबर आहे का, सुरुवात कुठून करू, आणि सोबत काय नेऊ?

मी २००५ ते २०११ या काळात त्याच प्रांतात सिंचन दुरुस्तीच्या कामावर होतो. त्याआधी वीस वर्षं महाराष्ट्रातल्या कालव्यांवर काढली होती. त्या अनुभवावर आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. बारा कूपनलिका आराखड्यातून काढून टाकायला लावा. अस्तरीकरण चार किलोमीटरवरून चारशे मीटरवर आणा. वाचलेला पैसा पाटाच्या मुखावर, म्हणजे नदीतून पाणी पाटात घेण्याच्या जागेवर, आणि कारेझच्या सफाईवर खर्च करा. आणि पहिले तीन महिने एकही पोतं सिमेंट न फोडता पाण्याची पाळी कुणाची, किती आणि का, हे समजून घ्या. युद्धात पाट फुटतात, ते दिसतं. पाळी मोडते, ते दिसत नाही; आणि पाळी मोडलेल्या गावात नवा पाट बांधला तर तो भांडणाला नवं कारण होतो.

आधी तिथलं पाणी कसं येतं ते डोक्यात बसवा, कारण आपला सगळा अंदाज मृगापासून सुरू होतो आणि तिथे तो चालत नाही. हेरातच्या आसपास वर्षाला साधारण दोनशे ते अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळ्यात थेंब नाही. शेती जगते ती पूर्वेकडच्या डोंगरांवर साठलेल्या बर्फावर. एप्रिल-मे महिन्यांत हरीरूद दुथडी भरते, जुलैनंतर तिची धार बारीक होत जाते. त्यातच जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते प्रसिद्ध एकशेवीस दिवसांचे वारे सुटतात. दुपारी तोंडावर फडकं बांधल्याशिवाय बांधावर उभं राहता येत नाही, आणि वाफ्यात सोडलेलं पाणी पाहता पाहता उडून जातं. म्हणजे पाणी भरपूर असतं तेव्हा गहू निसवत असतो, आणि दुसऱ्या पिकाला ते लागतं तेव्हा नदी आटलेली असते. तिथलं सगळं पाणीवाटप या एका अडचणीभोवती उभं आहे.

बागायतीला तिथे ‘आबी’ म्हणतात, कोरडवाहूला ‘लल्मी’. जमीन जरीबमध्ये मोजतात. एक जरीब म्हणजे दोन हजार चौरस मीटर, आपले जवळजवळ वीस गुंठे. पाच जरीब म्हणजे एक हेक्टर. हे पाठ करा, कारण शेतकऱ्याशी हेक्टरात बोललात तर तो मान हलवेल आणि मनातलं काहीच सांगणार नाही.

आता कूपनलिकांना माझा विरोध का, ते सांगतो. कारेझ म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी एक मूळविहीर, आणि तिथून जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा काढून गावाच्या वरच्या अंगाला पाणी उघड्यावर आणायचं. बोगद्याच्या वाटेवर ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी असतात, हवेसाठी आणि गाळ वर काढण्यासाठी. वरून पाहिलं तर वारुळांची रांग दिसते. ज्यांनी औरंगाबादेतली मलिक अंबरची नहर पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तत्त्व तेच, सतराव्या शतकात दख्खनच्या मातीत उतरवलेलं. कारेझला ना डिझेल लागतं ना वीज. जमिनीत जेवढं पाणी मुरतं तेवढंच तो बाहेर देतो. दुष्काळात त्याची धार बारीक होते, पण तो भूजल ओरबाडू शकत नाही.

त्याच शिवारात शंभर मीटर खोल नळी घातली की पाण्याची पातळी बोगद्याच्या खाली जाते आणि कारेझ मरतो. दुरुस्त करून जिवंत होत नाही, कारण मोडलेलं काहीच नसतं. फक्त पाणी खाली गेलेलं असतं. कारेझवर गावातल्या चाळीस घरांचा वाटा असतो, कूपनलिकेवर जिच्या नावाने ती आहे त्या एका घराचा. इस्लामी कायद्यात कारेझभोवती ‘हरीम’ असतं. त्या हद्दीत दुसऱ्या कुणी विहीर खणायची नाही, आणि जमीन जितकी भुसभुशीत तितकी ती हद्द मोठी. तुमच्या संस्थेने बारा जागा ठरवताना ही हद्द विचारली होती का, हा पहिला प्रश्न बैठकीत विचारा. मला वाटतं, उत्तर मिळणार नाही.

सौर पंपाने हे संकट दुप्पट केलं आहे. डिझेलचा खर्च होता तोवर माणूस पंप बंद तरी करत असे. पॅनेल एकदा बसली की पाणी फुकट, मग सूर्य मावळेपर्यंत उपसा. दक्षिणेकडच्या हेलमंडच्या खोऱ्यात २०१३ च्या सुमारास हे पंप दिसायला लागले आणि पुढच्या सहा-सात वर्षांत उपग्रह चित्रांवरून त्या भागात साठ हजारांहून जास्त सौर संच मोजले गेले. निव्वळ वाळवंट हिरवं झालं, त्यातलं बरंचसं अफूने. आणि भूजल दरवर्षी खाली खाली. अशा भागात स्थिरावलेल्या माणसांनी विहिरी आटल्यावर जायचं कुठे? सौर ऊर्जा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी एक नळी, एक पंप, एक टाकी, मीटरसकट, जरूर करा. शेतीसाठी नको. आपल्या हिवरेबाजारने शेतीच्या कूपनलिकांना बंदी घातली ती काही अडाणीपणाने नव्हे.

या मुद्द्यावर माझ्यापेक्षा मोठा साक्षीदार आहे. डॉ. तेत्सु नाकामुरा हे जपानी डॉक्टर. १९८४ साली पेशावरला कुष्ठरोग्यांची सेवा करायला आले, पुढे अफगाणिस्तानच्या नंगरहार भागात दवाखाने काढले. २००० च्या भीषण दुष्काळात त्यांच्याकडे जुलाबाने मरणारी मुलं येऊ लागली. औषधाने हे थांबणार नाही, पाणी हवं, हे ओळखून त्यांनी विहिरी खणायला सुरुवात केली. खणलेल्या विहिरींची संख्या सुमारे सोळाशेपर्यंत गेली. पण पाणी खाली जात राहिलं. तेव्हा त्यांनी विहिरींचा नाद सोडून कुनार नदीवरून कालवा काढायचं ठरवलं. २००३ मध्ये काम सुरू झालं, २०१० मध्ये पंचवीस किलोमीटरचा मरवारिद कालवा गांबेरीच्या वाळवंटापर्यंत पोचला. पुढची कामं धरून सुमारे सोळा हजार हेक्टर जमीन भिजू लागली. ४ डिसेंबर २०१९ रोजी जलालाबादेत गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. मी त्यांना कधी भेटलो नाही, पण त्यांच्या कामाचे नकाशे मी जितके वाचले तितकी माझी पाठ्यपुस्तकंही वाचली नसतील.

त्यांच्या कामातला तुमच्या उपयोगाचा भाग आहे तो मुखाचा. अफगाण नद्यांवर पाटाचं मुख ही कायमची डोकेदुखी असते. शेतकरी दगड, झुडपं आणि माती टाकून नदीत तात्पुरता बांध घालतात. बर्फ वितळून पूर आला की तो वाहून जातो, पुन्हा घालायचा. नाकामुरांनी सुरुवातीला बरेच फटके खाल्ले आणि शेवटी उत्तर मिळालं ते त्यांच्याच फुकुओका प्रांतात, चिकुगो नदीवरच्या १७९० सालच्या यामादा बंधाऱ्यात. तो नदीला काटकोनात नाही, तिरपा आहे. तिरपा बंधारा लांब होतो, त्यामुळे पुराचं पाणी त्याच्यावरून पातळ पसरून जातं. नदी कमी असताना मुखाशी पुरेशी पातळी मिळते, जास्त असताना बंधारा ओरबाडला जात नाही. काठ मजबूत करायला त्यांनी काँक्रीट न वापरता तारेच्या जाळ्यांत दगड भरले आणि मागे वाळुंजाची झाडं लावली. वाळुंजाची मुळं दगडांच्या फटींत शिरून दगड धरून ठेवतात. तार गंजून तुटेल तेव्हा मूळ तयार असतं. आणि हे सगळं गावातल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी केलं, त्यामुळे एखादा दगड हलला तर तो कसा बसवायचा हे गावालाच माहीत.

तुमच्या तीन गावांच्या पाटाचं मुख बघा. हरीरूदवर चिश्त-ए-शरीफजवळ आता सलमा धरण आहे, भारताने बांधलेलं, जून २०१६ मध्ये सुरू झालेलं, ४२ मेगावॅट वीज आणि ७५ हजार हेक्टर सिंचनाच्या उद्दिष्टाचं. त्यामुळे खालच्या प्रवाहाचा तोल माझ्या काळापेक्षा बदललेला असेल. माझी निरीक्षणं धरणाआधीची आहेत. मुख ठरवण्याआधी किमान एक एप्रिल-मे नदी डोळ्यांनी पाहा, आणि पूर कुठवर चढतो हे काठच्या म्हाताऱ्यांना झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून दाखवायला सांगा.

आता पाळीबद्दल, कारण मला मुख्य सांगायचंय ते हेच. प्रत्येक पाटावर एक मिराब असतो. मीर म्हणजे प्रमुख आणि आब म्हणजे पाणी. आपल्या फड पद्धतीतला, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायच्या जुन्या रीतीतला, पाटकरी आठवा, धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरचा. तोच हा माणूस, फक्त अधिकार जरा जास्त. त्याला शेतकरी निवडतात आणि सुगीला गव्हाच्या रूपात मेहनताना देतात. प्रत्येक शेताचा पाण्यावरचा हक्क असतो, त्याला ‘हकाबा’ म्हणतात. आणि तो हक्क टिकतो कशावर, तर ‘हशर’वर. वसंताच्या तोंडावर सगळ्यांनी मिळून पाटाचा गाळ काढायचा, ज्याचा वाटा जितका त्याने तितकी माणसं पाठवायची. जो हशरला येत नाही त्याच्या पाण्यावर बोट ठेवलं जातं.

१९७९ पासून चाललेल्या युद्धांनी या साखळीची एकेक कडी तोडली. सोव्हिएत काळात कारेझमध्ये लढवय्ये लपत म्हणून कारेझ उडवले गेले. काबूलच्या उत्तरेला शोमालीच्या मैदानात १९९९ साली तालिबानने द्राक्षबागा जाळल्या आणि पाट-कारेझ मोडले. लाखो लोक पाकिस्तान-इराणात गेले. मागे राहिलेल्यांत हशरला पुरेशी माणसं उरली नाहीत. पाट गाळाने भरले. पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचेनासं झालं. मग वरच्या गावांनी, खाली कुणी नाहीच म्हणून, नवीन जमीन पाण्याखाली आणली, तुती आणि पॉप्लर लावले, बागा धरल्या. कुठे एखाद्या कमांडरने बंदुकीच्या जोरावर पाटाला नवीन तोंड फोडलं. २००२ नंतर माणसं परत आली तेव्हा खालच्या गावाचा हक्क कागदावर आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीत होता, आणि पाणी वरच्या गावाच्या वीस वर्षांच्या झाडांत. दोघंही खोटं बोलत नसतात. हे तुम्ही नीट लक्षात घ्या, नाहीतर पहिल्याच बैठकीत एका बाजूला ‘चोर’ ठरवून बसाल.

अशा वेळी वाटपाचा निकाल अभियंत्याने द्यायचा नाही. तो मिराब, गावाची शूरा (पंचांची सभा) आणि वडीलधारे देतील. आपलं काम आहे आकडा समोर ठेवणं, आणि ठरलेली गोष्ट सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल असं बांधकाम करणं. हे दुसरं मी फार महाग किंमत देऊन शिकलो.

२००७ ची गोष्ट. हेरातच्या पूर्वेला एका पाटावर पाणी तीन गावांत विभागलं जायचं. जागेवर तुतीचं एक जाड खोड पाटात आडवं टाकलेलं होतं आणि त्याला तीन खाचा कोरलेल्या. एकीची रुंदी पाच हिस्से, दुसरीची तीन, तिसरीची दोन. खोड कुजत आलं होतं, एका बाजूने पाणी निसटत होतं. मी तिथे झकास काँक्रीटचं विभाजन बांधलं. तीन लोखंडी दरवाजे, वर चाक, चाकाला कुलूप, किल्ली मिराबकडे. पाण्याचं नियंत्रण किती छान होईल असं मला मनापासून वाटत होतं. एप्रिलमध्ये ते सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात सकाळी गेलो तर वरच्या गावाचा दरवाजा वाकवलेला आणि उंबऱ्याचं काँक्रीट घणाने फोडलेलं.

मी चिडलो होतो. शेवटच्या गावातले एक म्हातारे शेतकरी मला हाताला धरून त्या जागेवर घेऊन गेले. पाणी पिंडऱ्यांइतकं, बर्फाचं, पाय बधिर करणारं. ते दुभाष्याला म्हणाले, ‘याला सांग, पूर्वी माझा नातूसुद्धा इथे येऊन खाचेकडे बघायचा आणि घरी सांगायचा, आज आपलं पाणी पुरं आहे. आता चाक किती फिरवलं आहे ते मला कसं कळावं? मिराब चांगला माणूस आहे. पण त्याच्या हातात किल्ली आली, आणि रात्री त्याच्या दारात लोक यायला लागले.’

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुजकं खोड मला अडाणीपणा वाटलं होतं. खरं तर ते न्यायाचं यंत्र होतं. पाणी वाढलं तर तिघांचं वाढायचं, घटलं तर तिघांचं घटायचं, आणि कुणालाही विचारावं लागत नव्हतं. आम्ही दरवाजे काढले. त्याच जागी तीन उघड्या खिडक्या केल्या, पाच-तीन-दोन याच रुंदीच्या, कुठलाही अडसर नसलेल्या. खर्च दरवाज्यांच्या निम्म्याहून कमी आला. २०११ मध्ये निघताना ते जसंच्या तसं होतं, फक्त शेवाळलेलं.

असं विभाजन बांधताना तीन गोष्टींत कसूर करू नका. तिन्ही उंबरे एकाच पातळीत, लेव्हल लावून, मिलिमीटरपर्यंत. विभाजनाच्या वर पाट किमान पंधरा-वीस मीटर सरळ, नाहीतर वळणाच्या बाहेरच्या खिडकीला जास्त पाणी जातं. आणि उंबऱ्यानंतर पाणी मोकळं खाली पडलं पाहिजे. एका गावाच्या पाटात गाळ साचला म्हणून तुंबारा मागे येऊन दुसऱ्याचा वाटा वाढता कामा नये. रुंदी मात्र तुम्ही ठरवू नका. गावांनी ठरवलेली रुंदी तिन्ही गावांच्या माणसांसमोर टेपने मोजून आखा.

आता आकडा कसा काढायचा. कारेझच्या तोंडाशी दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, पाण्याची रुंदी-खोली तीन ठिकाणी मोजा, हलकी काडी सोडून वेळ घ्या, आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. समजा सेकंदाला दहा लिटर निघाले. दिवसाचे झाले ८६४ घनमीटर. एप्रिलच्या अखेरीस गव्हाला दिवसाला साडेपाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर हेक्टरी ५५ घनमीटर. कागदावर पंधरा-सोळा हेक्टर निघतात. पण पाटात आणि वाफ्यात मिळून निम्मं पाणी जातं, म्हणजे खरे सात-आठ हेक्टर, चाळीस जरीबांच्या आतबाहेर. गावाची मागणी शंभर जरीबांची असते. हा हिशेब मशिदीच्या ओट्यावर, खडे मांडून, सगळ्यांसमोर करा. मी करायचो तेव्हा सुरुवातीला गोंधळ व्हायचा, मग शांतता, आणि मग कुणीतरी म्हणायचं की यंदा दुसऱ्या पिकाचं कमी करू.

इथे आपल्याकडचं एक उदाहरण मी आवर्जून सांगायचो, आणि ते लोकांना पटायचं. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. जमिनीवर नाही, माणशी पाणी; डोई अर्धा एकर; ऊस नाही; भूमिहीनालाही वाटा. अर्धा एकर म्हणजे जवळजवळ एक जरीब. ‘डोई एक जरीब’ म्हटलं की ऐकणारे मान वर करायचे. हकाबा जमिनीला बांधलेला असल्याने ते जसंच्या तसं तिथे लागू होत नाही, आणि लादूही नका. पण टंचाईच्या वर्षी प्रत्येक घराला खायला पुरेल एवढ्या गव्हाचं पाणी आधी, बाकीचं नंतर, एवढं तत्त्व दोन गावांनी उचललं. आपल्या शेजपाळीसारखं शेवटच्या शेतापासून पाणी देत वर यायचं, हेही एकाने करून पाहिलं. पहिल्या वर्षी वरच्यांनी हाणून पाडलं, दुसऱ्या वर्षी चाललं.

पिकांबद्दल फार लांबवत नाही. गव्हाला चार पाणी देता येत नसतील तर एक फुलोऱ्याला आणि एक दाणा दुधात असताना, ही दोन कुठल्याही परिस्थितीत राखून ठेवायची. निर्णय मार्चमध्ये घ्यायचा, डोंगरावरचं बर्फ बघून. जुने मिराब कुठल्या कड्यावर कुठपर्यंत पांढरं आहे यावरून वर्ष सांगतात आणि बहुधा बरोबर सांगतात. त्यांच्याबरोबर बसून ते टिपून ठेवा. वाफे लहान करा आणि फळी मारून समतल करा. पाणी वाचवायला याहून स्वस्त उपाय मला सापडलेला नाही. आणि केशराचा विचार कराच. त्याचे कंद उन्हाळाभर जमिनीत झोपलेले असतात, नेमक्या त्या दिवसांत ज्यांत पाणी नसतं. फूल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाणी शरद ते वसंत. हेरातचं केशर नावाजलेलं आहे, आणि एप्रिल २०२२ मध्ये अफूवर बंदी आल्यापासून कमी पाण्यात पैसा देणाऱ्या पिकाची गरज आणखी वाढली आहे. फुलं खुडणं आणि तुरे वेगळे करणं हे काम बहुतांश बायका करतात, घरात बसून करता येतं, हाही आजच्या परिस्थितीत मोठाच मुद्दा आहे.

बायकांचा विषय निघाला म्हणून इथेच सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये अफगाण बायकांना मदतसंस्थांत काम करायला बंदी झाली. तुमच्या पथकात त्या नसतील. पण परसातला भाजीपाला, शेळ्या, कोंबड्या, पिण्याचं पाणी यांचा सगळा हिशेब त्यांच्याकडे असतो. त्यांच्याशिवाय केलेलं सर्वेक्षण अर्धं असतं, आणि तुमच्या अहवालात ते अर्धं आहे असं स्पष्ट लिहा. मिराबच्या घरातून, म्हाताऱ्या पुरुषांच्या मार्फत, मुलांकडून, जेवढं कळेल तेवढं मिळवा. हे फार तोकडं आहे, याची मला जाणीव आहे.

अस्तरीकरण कमी का करा म्हटलं? पाटातून मुरणारं पाणी वाया जातंच असं नाही. ते खालच्या विहिरींत आणि कधी खालच्या कारेझमध्ये जातं. चार किलोमीटर काँक्रीट केलंत तर वरचं गाव सुखी होईल आणि खालच्या दहा विहिरी आटतील. जिथे पाट वाळूतून जातो, जिथे काठ दरवर्षी फुटतो, जिथे तो ओढा ओलांडतो, तेवढेच तुकडे पक्के करा. उलट टोकाची चूकही त्याच देशात झालेली आहे. १९५० च्या दशकात हेलमंड आणि अर्घंदाब या नद्यांवर काजकी आणि दहला धरणं झाली, नाद-ए-अली आणि मारजाच्या जमिनीवर भरपूर पाणी सोडलं, निचऱ्याचा विचार अपुरा राहिला आणि जमीन चिबड-क्षारपड होत गेली. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठचे पांढरे पडलेले उसाचे पट्टे ज्याने पाहिलेत त्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. सध्या उत्तरेत अमूदर्या नदीवरून २८५ किलोमीटरचा कोश तेपा कालवा खणला जातोय, बराचसा मातीचाच. तिथेही मला हीच भीती वाटते.

ठिबकाचं म्हणाल तर, बर्फाच्या पाण्यात येणारा बारीक गाळ गाळणी दोन दिवसांत गच्च करतो. स्वतःचं स्वच्छ पाणी असलेल्या एखाद्या डाळिंबाच्या बागेत प्रात्यक्षिक म्हणून करा. पाळीच्या पाण्यावर नको. पाळी दहा दिवसांनी येते, ठिबकाला रोज पाणी लागतं; मध्ये साठवण तळं लागेल, आणि तळं आलं की कूपनलिकेची मागणी मागोमाग येते.

सुरुंगांबद्दल हलगर्जीपणा नको. पाटाचा काठ ही लढणाऱ्याला आयती आडोशाची जागा, म्हणून पाट आणि त्यांची मुखं पेरली गेली होती. दगडांवर लाल रंग म्हणजे धोका, पांढरा म्हणजे साफ केलेली वाट. पण पुराने सुरुंग वाहून गाळात येतात आणि दगडही हलतात. सफाईचा लेखी दाखला हातात आल्याशिवाय एकाही मजुराला खोरं लावू देऊ नका. काम थांबलं तर थांबू दे. आणि मेंढपाळांना विचारा. कुठल्या ओढ्यात मेंढी मेली हे त्यांना माहीत असतं.

कारेझमध्ये स्वतः उतरायचा मोह होईल. सफाईला पिढीजात कारेझकन असतात, त्यांच्याशिवाय नको. ते दोरीने खाली जातात, गाळ चामड्याच्या थैलीत भरून रहाटाने वर पाठवतात, आणि माती ढासळू लागली की हाताच्या स्पर्शावरून ओळखतात. तरुण पोरं हे काम सोडून चालली आहेत. तुमच्या पैशातून दोन-तीन पोरांना एका जुन्या कारेझकनच्या हाताखाली दोन वर्षं मजुरीवर ठेवता आलं, तर ते काम तुमच्या कुठल्याही काँक्रीटपेक्षा जास्त टिकेल.

मिराबला मात्र पगार देऊ नका. आमच्या एका शेजारच्या प्रकल्पाने चांगल्या हेतूने दरमहा रोख द्यायला सुरुवात केली. दोन वर्षांनी निधी संपला तेव्हा शेतकऱ्यांची गहू द्यायची सवय मोडलेली होती आणि मिराबची शेतकऱ्यांकडे जायची. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यावर बहुतेक बाहेरचा पैसा आटला, कार्यालयं ओस पडली, पण माझ्या ओळखीच्या ज्या पाटांवर मिराब सुगीच्या गव्हावर होता तिथे पाळ्या चालू राहिल्याचं फोनवर कळत राहिलं.

शेवटी सामान. तीस मीटरची टेप, डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण), स्टॉपवॉच, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि क्षार मोजायला छोटा ईसी मीटर. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत गावात पोचा म्हणजे हशर चुकणार नाही. तेव्हा ओळख होते तशी नंतर बैठकांत होत नाही. जाण्याआधी साक्री भागात पांझरेवरच्या एखाद्या फडावर एक दिवस काढून या. नोंदींसाठी पक्की बांधलेली वही न्या, सुटे कागद नकोत, तिथला वारा ठेवणार नाही. ईसी मीटरच्या तपासणीचं द्रावण मला तिथल्या बाजारात कधी मिळालं नाही, त्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या घ्या.